खालीची जागा

"तुमच्या मशीनचं काही सैल झालंय का, तेजसराव?" विजयमालाबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

तेजसनं स्पीकरचा आवाज कमी केला. "तीनताल आहे तो, आई."

"असं होय. त्याला कल्पना आहे का?"

रविवारची दुपार होती. भाग्यश्री मंडईत गेली होती. वारज्यातही भाजी मिळते हे तिला लग्नानंतर दोन वर्षांनीही मान्य नव्हतं. घरात जावई आणि सासूबाई दोघंच. विजयमालाबाई कसबा पेठेत तबल्याचा क्लास चालवत. घरी मोरीचं काम निघालं म्हणून त्या आठवडाभर लेकीकडे राहायला आल्या होत्या, आणि एवढ्या दिवसांत दोघांचं बोलणं चहा आणि नळाचं पाणी यापलीकडे गेलं नव्हतं.

आता मात्र त्या बाहेर येऊन त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर निळ्या डोंगरांच्या रांगा समोरून येत होत्या आणि पायाखालून निघून जात होत्या.

"हे कुणी काढलं?"

"मीच. म्हणजे काढलेलं नाही, प्रोग्राम लिहिलाय." त्यानं सांगितलं, की जगभर असे हौशी लोक आहेत. ते स्पर्धा लावतात. चित्र, हालचाल, आवाज, सगळं मिळून दोनशे छप्पन्न बाइट. एकही जास्त चालत नाही. "एक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर धरा. तुम्हाला सकाळी गुलाबाचं सुप्रभात येतं ना फोनवर, तेवढ्या जागेत असे शेकड्यानं मावतील. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

"बक्षीस काय?"

"काही नाही. लोक बघतात."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्या ऐकत राहिल्या. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. "तुमचा तीनताल आठ मात्रांत संपतो."

तेजसचा चेहरा पडला. त्यांच्या लक्षात येणार नाही असं त्याला उगाचच वाटलं होतं. "सोळाही बोल लिहिले तर आठ बाइट जास्त होतात, आई. म्हणून पहिले आठच ठेवले, तेच फिरवले. सकाळपासून कुठून कापायचं तेच पाहून राहिलो."

एरवी बाईंनी 'पाहतोय' म्हणून सुधारलं असतं. वाशीमच्या मराठीला त्या सवलत देत नसत. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"तालातली खाली, ती मोकळी जागाच, कापलीत तुम्ही. माझ्याकडे येणारी सगळी मुलं आधी तेच करतात. सारखं भरून वाजवायचं. अहो, डावा डग्गा मध्ये गप्प बसला नाही, तर सम, ती पहिली मात्रा, आलेली कळणार कुणाला?"

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तोंडानं बोल म्हणत वाजवायला लागल्या. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. उजवा हात प्रत्येक मात्रेला पडत होता. डावा 'तिं'ला उचलला गेला, चार मात्रा वरच राहिला आणि पुढच्या 'धिं'ला परत खाली आला.

तेजस त्या डाव्या हाताकडे बघत होता.

"पुन्हा दाखवाल? नुसता डावा."

"नुसता डग्गा?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पण दाखवला.

हात पडला की त्यानं एक लिहिला, वर राहिला की शून्य. नऊ एक, चार शून्य, तीन एक.

"दोन!" तो जवळजवळ ओरडला. "सोळा बाइट लागतच नाहीत. उजवा तर दर मात्रेला आहेच. डावा आहे की नाही, एवढंच ठेवायचं. एका बाइटमध्ये आठ हो-नाही मावतात. सोळा मात्रा, दोन बाइट. आणि दर मात्रेला पुढचा आकडा काढून मागे लावायचा. सोळा वेळा केलं की सगळे परत आपापल्या जागी."

"त्याला आम्ही आवर्तन म्हणतो," बाई म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

पहिल्या खेपेला सम चुकली. "दोन मात्रा आधी आलात," बाई म्हणाल्या. त्यानं आकडे सरकवले. दुसऱ्या खेपेला डग्गा नको तिथे बोलला आणि हवा तिथे मुका राहिला. त्यावर बाईंनी नुसते डोळे मिटून घेतले. तिसऱ्या खेपेला त्यांची मान हलली.

दोनशे त्रेपन्न झाले होते. तीन बाइट उरले.

"आता यांचं काय करणार?"

तेजसनं डोंगरांचा रंग डग्ग्याला बांधला. डग्गा थांबला की डोंगर अंधारात जायचे. तो बोलला की कडेकडेनं उजेड फुटायचा. दोनशे छप्पन्न. त्यानं फाइल पाठवून दिली.

काम संपलं होतं, पण मशीन कुणी बंद केलं नाही. आवर्तनामागून आवर्तन जात होतं. बाई टेबलावर ठेका धरून होत्या. थोड्या वेळानं तेजसनंही धरला. त्याचा उजवा हात अडखळत होता. बाईंनी सुधारला नाही.

दार उघडलं. "कुणी एक पिशवी तरी घ्याल का? लिफ्ट बंद आहे, आणि तुम्ही दोघं—"

"थांब," बाई मागे न बघता म्हणाल्या. "समेवर आत ये."

भाग्यश्री दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली. पडद्यावर अंधार होता. आईचा डावा हात हवेत थांबला होता, आणि शेजारी तेजसचाही.