पद्माचं पथ्य

पद्माला सातवा लागला आणि थेरगावातल्या आयाबायांनी डबे पाठवायचा धडाका लावला. कुणाची पुरणपोळी, कुणाची गूळपापडी. सासूबाई, सोजराबाई, प्रत्येक डबा स्वतः उघडून सुनेपुढे सरकवत. पण पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली, साखर निघाली आणि गोड एकदम बंद झालं.

पद्मा मुकाट भाजी-भाकरी खाऊ लागली. सोजराबाईंचा मात्र जीव तळमळला. मुलगा कंपनीत ओव्हरटाइमला, म्हणून आठवड्याभरानं स्वतःच सुनेला घेऊन, पदर खोचून दवाखान्यात हजर झाल्या.

"का वं बाई, दोन जिवांच्या पोरीच्या तोंडचा घास काढताय? लेकरानं अंग कसं धरायचं?"

पद्मा लाजेनं चूर झाली. डॉक्टरीणबाई हसल्या.

"मावशी, फार अंग धरेल हीच तर भीती आहे. आईच्या रक्तात साखर वाढली की बाळ पोटात नुसतं वाढत सुटतं. दिसायला गुटगुटीत, पण बाळंतपणात अडकतं. कधी कधी हाती लागत नाही."

खोचलेला पदर सोडून सोजराबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

 

"माझं पयलं तीन महिन्यांच्या लेकराएवढं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "सारा गाव बघाया लोटला हुता. तेवढं रडलं न्हाई ते."