लाल ठिपक्याची बाटली

अरे ऐका ना, काल काय झालं! गोचीड चावल्यापासून आपल्या मितेशला मटणाची ॲलर्जी झालीये, आणि दुधानेसुद्धा त्याचा घसा सुजतो. तो जिते गावाहून अभ्यासाला आमच्या घरी आला. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे आई निर्धास्त. तिने बिस्किटांचा पुडा दिला. "हिरवा ठिपका बघूनच आणलाय, खा पोटभर." त्याने पुडा उलटून वाचला. "काकू, यात दुधाची पावडर हाय." केकच्या पाकिटावरही तेच. आईचा चेहराच पडला. "तुला काही झालं असतं म्हणजे?" "नाय ओ काकू, मी डबा आणलाय." त्याने भाकरी काढली, कोळंबीच्या लोणच्याची बाटली काढली आणि खायला बाहेर पायरीवर निघाला. आईने लाल ठिपक्याची ती बाटली घेतली, चष्मा लावून मागचं वाचलं. "यात दूध नाही. बस आत." आणि आमचाच चमचा तिने बाटलीत घातला.