शनिवारचा धूर

वडिलांच्या पाळीव सरड्याचं, वाइनोचं, नाक काचेवर आपटून पुन्हा सोललं होतं. सिर्काने त्याला डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं.

"मलम देते. पण हा तिसरा सोमवार गं! दर वेळी जखम शनिवारची. शनिवारीच काय संचारतं याच्यात?"

"शनिवारी शेजारी सगळे अंघोळीसाठी सौना तापवतात. लाकडाचा धूर आला की हा धडका मारतो. आमचा सौना निवत आला की बाबा याला मांडीवर घेऊन बसायचे."

"आणि आता?"

"बाबा गेल्यापासून पेटवलाच नाही."

"वा! म्हणजे दार तू लावून बसायचंस आणि नाक याने फोडून घ्यायचं."

त्या शनिवारी सिर्काने सौना पेटवला. निवत आल्यावर वाइनोला आत नेलं. सवयीने तिने टॉवेल दोन घेतले होते. बाबांचा मांडीवर पसरला, तसं सोललेलं नाक त्यात खुपसून वाइनो निवांत पडला.