मुंजाबाचा करंट उतरवला

मुंजाबा वाचला. पण आपण असं धरून चालू की तो वाचलाच नाही, मोटरीपाशी जागेवरच गेला. करमाडजवळच्या त्या वस्तीवर सध्या तसंच ठरलंय, आणि ठरवणारे सगळे तेव्हा हजर होते.

जानेवारीतल्या एका सकाळी मुंजाबानं ओल्या हातानं बोअरच्या स्टार्टरचं बटण दाबलं आणि तो उडून पाटाच्या पाण्यात तोंडावर पडला. लोकांनी त्याला बाहेर ओढला. तो खोकला, उठून बसला आणि त्यानं चहा मागितला. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण त्याची आई म्हाळसाबाई म्हणाली, "करंट आत राहिला असंल. मातीत घाला त्याला."

अंगात वीज बसली की माणसाला ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरायचं, माती वीज ओढून घेते, हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. बेशुद्ध माणसाला मातीत घालायला दोघं बास होतात. मुंजाबा शुद्धीवर होता, म्हणून चौघं लागले.

पुढचे पाच तास त्याचं मुंडकं तेवढं जमिनीवर होतं. आईनं त्याला बशीनं चहा पाजला. एक शेळी दोनदा येऊन त्याचे केस हुंगून गेली. तोही हसला.

"आई, लई थंडी वाजतीय. छाती दाबल्यावानी होतंय."

"करंट उतरतोय, बाळा. वाजणारच."

मग तो आपल्या पायानं घरी गेला. मातीची पहिली पाटी कुणी टाकली यावरून भावकीत भांडण झालं. श्रेय सगळ्यांनाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. चौथ्या दिवशी त्याला शहरातल्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला, सगळी हकिकत ऐकून घेतली.

"पाटाचं पाणी छातीत गेलं होतं. त्याच दिवशी आणायचं होतं. वर पाच तास गार माती, छातीवर तिचं ओझं." त्या म्हाळसाबाईकडं वळल्या. "मावशी, वायर सुटली की करंट संपतो. अंगात राहत नाही."

म्हाळसाबाईनं विचारलं, "मग मातीत काय उतरलं?"

"अंगातली ऊब," बाई म्हणाल्या. प्रश्न आला म्हणून त्यांनी उत्तर दिलं होतं.

सहाव्या दिवशी मुंजाबा गेला. दाखल्यावर कारण आलं: निमोनिया.

तेराव्याला वस्तीनं ठरवून टाकलं. खड्डा बुजवला, वर लसूणघास लावला. खणताना एकाची कंबर धरली होती. ती आता झोपेत धरली असं तो सांगतो.

"काकू, मोटरीपाशीच गेला म्हणायचं," पुतण्या बन्सी म्हणाला. "खड्डा झालाच नाय. दाखल्यावर शॉक लिहून आणू, म्हंजी तुला कुणी बोट दाखवणार नाय."

"व्हय," ती म्हणाली.

कचेरीबाहेर सुदर्शन अर्ज टाइप करून देतो. म्हाळसाबाईला त्याच्यापुढं बसवून बन्सी झेरॉक्स काढायला गेला.

"निमोनियाच्या जागी काय लिहायचं, मावशी? शॉक ना?"

"नाय," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिव्ह."

सुदर्शनचा हात दोनदा थांबला. दोन्ही वेळेला ती म्हणाली, "लिव्ह." भाषा तेवढी त्यानं सवयीनं सरकारी केली. अर्ज असा निघाला:

"मयतास पूर्ण शुद्ध होती. थंडी वाजत असल्याचे त्याने स्वतः सांगितले होते व अर्जदार, मयताची आई, हिने ते ऐकले होते. सबब 'मृत्यूचे कारण' या रकान्यातील निमोनिया हा शब्द कमी करून त्या जागी अर्जदाराचे नाव लिहावे व दाखला नव्याने देण्यात यावा, ही विनंती."