बाबल्याचा पाय

१९२८ च्या मार्गशीर्षात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक केळुसकर देवरूखच्या वरच्या रानात शिरले. पुराणकाळातला महाकाय सरडा तिथे अजून जिवंत आहे, अशी त्यांची खात्री होती. वाट दाखवायला गुणाजी होता. त्याचा धाकटा भाऊ बाबल्या मागच्या वर्षी याच रानात हरवला होता, म्हणूनच तो आला होता.

भर दुपारी ओढ्याच्या काठच्या चिखलात तीन बोटांचे, सुपाएवढे ठसे सापडले. त्यांच्या शेजारून माणसाची अनवाणी पावलं गेली होती, रमतगमत, बरोबरीनं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

"ह्यो बाबल्याचाच पाय हाय, साहेब," गुणाजी हळूच म्हणाला. "जित्ता हाय तो."

ठसे ताजे होते. दोघं भराभर चालू लागले. थोडं पुढे जनावराचे ठसे थांबले. बाबल्याची पावलं मात्र पुढे गेली होती. आकार तोच, पण एकेक पाऊल गुडघाभर खोल रुतलेलं.

केळुसकरांनी गुणाजीचा दंड धरला. "परत फिरू."

"माजा भाव हाय तो." गुणाजीनं हात सोडवून घेतला आणि हाक मारली, "बाबल्याऽ..."

"ओ, दादा," लगेच उत्तर आलं.

आवाज बाबल्याचाच होता. गुणाजीचे डोळे भरून आले. केळुसकर मात्र मान वर करून बघत राहिले. आवाज झाडांच्या शेंड्यांच्याही वरून आला होता.