मोठ्या व्हॉल्व्हची चक्री

बुधाजीनं नटाला पाना लावून तो जेमतेम पाव आटा सोडवला असेल, तोच सांध्यातून फुस्स झालं आणि अमोनियाचा झोत डोळ्यांत गेला.

नाकातोंडावर ओलं फडकं बांधलेलं होतं म्हणून श्वास तरी शाबूत राहिला. डोळे मिटूनच त्यानं नट पुन्हा आवळला, भिंत चाचपत बाहेर आला आणि हौदावर वाकून ओंजळीमागून ओंजळ पाणी डोळ्यांवर मारलं. नट पुरता सोडवला असता, तर घरी बायकोकडं, शालूकडं, माणूस धाडायची पाळी आली असती.

पण गॅस आलाच कसा? अकोल्याच्या त्या बर्फाच्या कारखान्यात दोन्ही टाक्यांना गॅस एकाच मोठ्या व्हॉल्व्हमधून जाई. पहिल्या टाकीचा पाइप गळत होता आणि तिचा स्वतःचा छोटा व्हॉल्व्ह झिजलेला, भरवशाचा नाही. म्हणून बुधाजीनं मोठाच बंद केला होता. पाइपातला उरलासुरला गॅस मशीननं ओढून घेतला होता. मग व्हॉल्व्ह फिरवायची चक्री काढून जोडीदार देवमनच्या हाती दिली होती. बुधाजी काम उरकून येईस्तोवर देवमननं ती मांडीवर घेऊन व्हॉल्व्हपाशी बसायचं, हा रिवाज दोघांनीच पाडलेला.

डोळे चोळत तो व्हॉल्व्हपाशी गेला. देवमन जागेवरच होता, चक्री मांडीवर होती. बुधाजीला हायसं वाटलं, आणि भलताच संशय घेतला म्हणून थोडी लाजही वाटली. मग त्याला व्हॉल्व्हचा उघडा दांडा दिसला. त्याच्यावरचा गंज ताजा खरवडलेला होता. देवमनच्या गुडघ्याशी दुपट्टा पडला होता आणि त्याखालून पान्याचं टोक डोकावत होतं.

"शेटजी आले होते," देवमन खाली बघत म्हणाला.

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. लग्नांची दाट तिथी, बर्फाला मागणी, आणि दुसऱ्या टाकीतला बर्फ धरत नव्हता. छोटा व्हॉल्व्ह तर बंदच आहे, मोठा जरासा उघड, त्यानं कुणाचं काय जातं, असं शेटजी म्हणाले. यंदा तुला मिस्त्री करतो, असंही म्हणाले. न उघडला असता तर पाहुण्यांना सरबत कोमट मिळालं असतं, एवढंच.

"मले हाक काहून नाही मारली?"

"हाक मारली असती, त तू काम बंद केलं असतं."

उत्तर खरं होतं, आणि म्हणूनच ते बुधाजीच्या काळजात जाऊन रुतलं. छप्पन साली नागपूरला दीक्षेला दोघं एकाच दुपट्ट्यात भाकरी बांधून गेले होते. हा माणूस त्याला पुरता ओळखत होता, आणि त्या ओळखीचा त्यानं असा उपयोग केला होता. शेटजीचा त्याला रागसुद्धा येईना. शेटजी परका होता.

त्यानं दुपट्ट्याखालचा पाना उचलला, मोठा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि मशीन लावून पाइपातला गॅस पुन्हा ओढून घेतला. सगळं पहिल्यापासून. मशीन थांबल्यावर त्यानं हात पुढं केला. देवमननं चक्री दिली.

बुधाजी देवमनच्या जागेवर बसला, चक्री मांडीवर घेतली आणि तोंडावरचं ओलं फडकं सोडून पान्यासकट त्याच्यापुढं धरलं.

"आज नट तू खोल. इथं मी बसतो."

देवमन फडकं बांधून आत गेला. बुधाजीला बसल्या जागेवरून दारातून तो दिसत होता.

इतक्या वर्षांत त्या सांध्यांवर वाकलेल्या बुधाजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

देवमननं नटाला पाना लावला आणि मान वळवून पाहिलं. बुधाजी नुसता बसला होता. देवमननं पाना काढला, फडकं नीट केलं, पुन्हा पाना लावला. आणि पुन्हा मान वळवली.