कालचा मासा

टिंग. मायक्रोवेव्ह थांबला. स्वयंपाकघरात कुणीच हललं नाही, तेव्हा तिनेच उठून बशी बाहेर काढली. कालच्या माशाचा शेपटीकडचा तुकडा.

"आता हे प्रयोग," नवरा हसत म्हणाला. "सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यात म्हटलं."

गेले काही आठवडे डॉक्टरबाईंनी तिला फक्त ताजं खायला लावलं होतं. डोकं ठणकलं नव्हतं, छाती धडधडली नव्हती. आज मुद्दाम पूर्वीसारखं शिळं खाऊन बघायचं होतं. थोडंसंच, त्यांनी दिलेली गोळी जवळ ठेवून, घरच्यांसमोर.

"वाफा निघतायत बघ," सासूबाई म्हणाल्या. "आणि काल आम्ही हाच खाल्ला ना? तू फार मनाला लावून घेतेस गं."

तिने दोन घास खाल्ले. पाणी प्यायली. सासूबाई लसूण सोलत राहिल्या, नवरा मोबाइल बघत राहिला.

टेबलापाशी चित्र रंगवणाऱ्या मुलीने मान वर केली. "आई, तुझा गळा."

गळपट्टीतून लाल चट्टे वर चढत होते. कानापर्यंत, गालांपर्यंत. "काही नाही गं," ती सवयीने म्हणाली आणि तिचा हात छातीवर गेला. नवऱ्याने तिचं मनगट धरलं. नाडी लागताच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं.

त्याने तिला गोळी दिली. डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला.

"श्वास नीट चाललाय ना? मग घाबरू नका, पण जवळून हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिजवून ठेवलेल्या माशात हिस्टामिन नावाचं द्रव्य वाढतं. गरम केलं तरी ते जात नाही. आपलं शरीर ते मोडून टाकतं, यांचं टाकत नाही. हे मनाचे खेळ नव्हते."

"पण डॉक्टर, आम्ही सगळे एकाच भांड्यातलं जेवतो," नवरा म्हणाला.

"एकाच दिवशी?"

सासूबाईंच्या हातातली पाकळी अर्धी सोललेली राहिली.

"अगं, मग टाकून द्यायचंस," नवरा हळूच म्हणाला.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली.

मुलगी खुर्चीवरून उतरली. आईच्या गालावरच्या चट्ट्याला तिने एका बोटाने, अलगद, हात लावला.

"आई, उरलेलं तूच खायचं, असं तुला कोणी सांगितलं?"